माजरीत राहून राष्ट्रीय घडामोडींची तयारी : नागरी सेवा परीक्षेसाठी मार्गदर्शिका

केंद्रीय लोकसेवा आयोगाची किंवा एमपीएससीची जाहिरात आली की माजरी, कुचना, भद्रावती, वरोरा, वणी या कोळसा पट्ट्यातील मुलामुलींपुढे पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. पुण्याला किंवा दिल्लीला राहायचे तर खोलीभाडे, मेस, क्लासची फी आणि अभ्यासिकेचे पैसे वेगळे. वडील वेकोलित कायम कामगार असतील तर कसेबसे जमते. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतील किंवा जमीन खाणीत जाऊन नोकरीची वाट पाहत असतील, तर ते जमत नाही. मग "चालू घडामोडी इथे बसून होणार नाहीत, त्यासाठी शहरच हवे" असा समज घर करतो आणि अनेक जण फॉर्म भरण्याआधीच माघार घेतात.

हा समज अर्धाच खरा आहे. चांगले मार्गदर्शन, चाचण्या आणि सोबत अभ्यास करणारे मित्र शहरात लवकर मिळतात, हे मान्य. पण राष्ट्रीय घडामोडी म्हणून जे विषय विचारले जातात, त्यांतील बरेचसे माजरीच्या आजूबाजूलाच घडत असतात. कोळसा, ऊर्जा, भूसंपादन, वनहक्क, वाघ, प्रदूषण, नक्षलवाद, रेल्वे, आरक्षण यांपैकी कुठलाच विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. हे सगळे अभ्यासक्रमाच्या चौकटीत कसे बसवायचे, याची पद्धत या लेखात दिली आहे.

परीक्षा नेमकी कशी आहे

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत दोन पेपर असतात. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, ८० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. सीसॅटमध्ये फक्त ३३ टक्के गुण मिळवून पात्र व्हायचे असते, गुणवत्ता यादी पहिल्या पेपरवर लागते. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा होतात.

मुख्य परीक्षेत नऊ पेपर. त्यांपैकी एक भारतीय भाषा (आपल्यासाठी मराठी) आणि इंग्रजी हे दोन प्रत्येकी ३०० गुणांचे, पण फक्त पात्रतेचे. त्यांत किमान २५ टक्के गुण लागतात. उरलेले सात पेपर, म्हणजे निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे. त्यांचे एकूण गुण १७५०, मुलाखतीचे २७५, बेरीज २०२५.

एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून याच धर्तीवर वर्णनात्मक केली आहे. म्हणजे पूर्वीसारखे फक्त पर्याय रंगवून आता भागत नाही, लिहावे लागते. त्याचा फायदा असा की एकाच तयारीवर दोन्ही परीक्षा देता येतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एकचतुर्थांश गुण वजा होतात, हा फरक तेवढा लक्षात ठेवावा.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. त्यामुळे वाचन मराठीतून केले तरी प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी आणि हिंदी शब्द वहीत शेजारी लिहून ठेवायलाच हवा. 'स्वामित्वधन' माहीत आहे पण 'रॉयल्टी' वाचून अर्थ लागला नाही, तर येत असलेला प्रश्नही हातून जातो. सीसॅटमधील उतारेही याच दोन भाषांत असतात. म्हणून उतारा वाचनाला आणि अंकगणिताला रोज एक तास राखून ठेवावा.

आधी कागदपत्रे, मग पुस्तके

अनुसूचित जातीच्या उमेदवारांना यूपीएससीसाठी वयाच्या ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा परीक्षा देता येते. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा आणि ओबीसींना ३५ वर्षांपर्यंत नऊ संधी आहेत. अनुसूचित जाती, जमाती, महिला आणि दिव्यांग उमेदवारांना परीक्षा शुल्क नाही. पूर्वपरीक्षेचे केंद्र नागपूरला मिळते.

बौद्ध उमेदवारांनी जात प्रमाणपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणजे धम्म स्वीकारल्यानंतर केंद्रीय सेवांतील सवलतींसाठी आपल्या समाजाला ३४ वर्षे वाट पाहावी लागली. राज्यात 'नवबौद्ध' म्हणून सवलती मिळत होत्या, पण केंद्रात नाही. आजही केंद्राच्या नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातच हवे आणि त्यात अनुसूचित यादीतील मूळ जातीची नोंद हवी. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल तर पुढे कागदपत्र तपासणीत अडचण येऊ शकते, कारण बौद्ध हा धर्म आहे, यादीतील जात नव्हे. उपविभागीय कार्यालयातून असे प्रमाणपत्र काढायला आणि त्रुटी दुरुस्त करायला वेळ लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, वडील-आजोबांची जुनी महसुली किंवा शाळेची नोंद, नावातील फरक असेल तर राजपत्र, हे सगळे जाहिरात येण्याआधी गोळा करून ठेवावे. राज्य सेवेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते, त्याचा अर्ज वेगळा.

बातमी आणि घडामोड यांत फरक

चालू घडामोडी म्हटले की मुले रोजच्या ठळक बातम्या, पुरस्कार, नेमणुका, दिनविशेष पाठ करतात. परीक्षेत त्यावर प्रश्न फार थोडे येतात. आयोग विचारतो ते बातमीमागचे कारण. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या बातमीला पाच प्रश्न विचारायची सवय लावावी.

१) हे संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदाखाली किंवा कोणत्या कायद्याखाली येते?
२) निर्णय कोणी घेतला : संसद, मंत्रिमंडळ, न्यायालय, आयोग की ग्रामसभा?
३) यापूर्वी काय होते आणि आता काय बदलले?
४) कोणाचा फायदा, कोणाचे नुकसान, आणि दोन्ही बाजू काय म्हणतात?
५) माझ्या जिल्ह्यात याचे उदाहरण कोणते?

या पाच उत्तरांची मिळून एक पानाची नोंद होते. एका विषयाची सगळी पाने एकत्र ठेवायची, तारखेनुसार नव्हे. वर्षाच्या शेवटी अशी सत्तर-ऐंशी पाने झाली तरी पुष्कळ.

आपल्याच पट्ट्यातले एक उदाहरण घेऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. बातमीत २९ जुने कायदे गेले आणि चार संहिता आल्या एवढेच असते. पाच प्रश्न विचारले की ती कशी उलगडते ते पाहा.

खाणीतील सुरक्षेचा विषय पूर्वी खाण अधिनियम, १९५२ मध्ये होता, तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आला. जुन्या कायद्याच्या कलम ४६ ने महिलांना भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई केली होती. ही मनाई त्याहूनही जुनी. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये ती उठवली होती. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद-झरियाच्या कोळसा क्षेत्राला भेट दिली आणि खाणीत उतरून पाहणी केली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला आणि १९४६ मध्ये महिलांवरील भूमिगत कामाची मनाई पुन्हा लागू झाली. पुढे २०१९ च्या अधिसूचनेने खुल्या खाणीत महिलांना रात्रपाळीची आणि भूमिगत खाणीत तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामाची मुभा दिली, त्यांच्या लेखी संमतीच्या अटीवर. नव्या संहितेने संमती आणि सुरक्षेच्या अटींवर महिलांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत कामाचा मार्ग मोकळा केला.

आता दोन्ही बाजू. एक म्हणते की मनाई हे संरक्षण नसून संधी नाकारणे आहे. दुसरी म्हणते की ठेकेदारी पद्धतीत 'संमती' ही नावापुरती राहते. दोन्ही बाजू लिहा, मग आपले मत द्या. एका बातमीतून इतिहास, महिला प्रश्न, कामगार कायदा, प्रशासन आणि नीतिशास्त्र असे पाच घटक तयार झाले. बाबासाहेबांचे मजूर मंत्री म्हणून केलेले काम आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो, ते उत्तरपत्रिकेत वापरायचे असते ते असे.

कोळसा : घराशेजारचा राष्ट्रीय विषय

माजरीच्या विद्यार्थ्याला कोळशावरचे उत्तर कोणापेक्षाही चांगले लिहिता आले पाहिजे. त्यासाठी खालील मुद्दे वहीत असावेत.

भूगोल : आपला कोळसा वर्धा खोऱ्यातील, गोंडवना श्रेणीच्या खडकांतला. 'गोंडवना' हे नावच गोंडांच्या प्रदेशावरून जगाच्या भूशास्त्रात गेले.

मालकी : कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या काळात झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. वेकोलि ही तिची उपकंपनी, मुख्यालय नागपूर. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २०४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यानंतर २०१५ चा विशेष तरतूद कायदा आला आणि २०२० मध्ये खासगी कंपन्यांसाठी व्यावसायिक लिलाव सुरू झाले.

जमीन : कोळशासाठी जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखाली घेतली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील संमती आणि सामाजिक परिणाम अभ्यासाच्या तरतुदी तिथे थेट लागू होत नाहीत. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र २०१५ मध्ये लागू करण्यात आल्या. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. ज्याची जमीन दोन एकरांपेक्षा कमी, त्याचे काय? शेतमजुराचे काय, ज्याच्या नावावर जमीनच नाही? गावातील भूमिहीन कुटुंबांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. उत्तरात तो तक्रार म्हणून न मांडता धोरणातील उणीव म्हणून मांडावा.

पैसा : २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणधारकाने भरलेल्या स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्के रक्कम या निधीत जमा होते आणि ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासारख्या कामांवर खर्च व्हावी असा हेतू आहे. त्याला जोडून २५ जुलै २०२४ चा निकाल पाहा. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने सांगितले की स्वामित्वधन हा कर नाही आणि राज्यांना खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार आहे. संघराज्य व्यवस्थेवरील प्रश्नात हा निकाल हमखास उपयोगी पडतो.

हवामान : २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. त्याच सुमारास, २०२५ मध्ये, स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला, हे उद्दिष्ट २०३० चे होते. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन भारताने दिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? उत्तर असे की क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळ्या. रात्री सूर्य नसतो, तेव्हा चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारखी कोळशावरची केंद्रे चालतात. आणि उद्या खाणी बंद झाल्या तर माजरीसारख्या गावांचे काय, याला अभ्यासात 'न्याय्य संक्रमण' म्हणतात.

प्रदूषण : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथ्या क्रमांकावर होते. पर्यावरणाच्या उत्तरात हे उदाहरण दिल्लीच्या धुरापेक्षा वेगळे उठून दिसते.

जंगल, वाघ आणि ग्रामसभा

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. या दोन जिल्ह्यांत अभ्यासक्रमाचा पर्यावरण आणि आदिवासी प्रशासनाचा बहुतेक भाग प्रत्यक्ष पाहता येतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरता आला. देशभरातील प्रशिक्षण वर्गांत हे उदाहरण शिकवतात. १९९६ चा पेसा कायदा, महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम आणि पाचवी अनुसूची हे तिन्ही एकत्र वाचावेत. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. सूरजागडच्या लोहखनिजाचा विषय आला की खाण, रोजगार, ग्रामसभेची संमती आणि सुरक्षा हे चार कोपरे एकदम पुढे येतात.

वाघांचे आकडे पाठ असावेत : २०२२ च्या गणनेत देशात सरासरी अंदाज ३,६८२, महाराष्ट्रात ४४४. ताडोबा हे १९५५ चे राष्ट्रीय उद्यान, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. वाघ वाढले हे यश आहे. पण मोहफुले, तेंदूपत्ता गोळा करायला जाणारी बाई वाघाच्या हल्ल्यात मरते, हेही त्याच यशाच्या बाजूला लिहावे लागते. वन (संवर्धन) कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती आणि १९९६ चा गोदावर्मन निकाल जोडून वाचल्यास 'जंगल कशाला म्हणायचे' या प्रश्नाचे उत्तर पक्के होते.

सुरक्षा आणि विकास

नक्षलवादावरील उत्तरात मुले बहुधा फक्त चकमकी आणि आकडे देतात. गडचिरोलीचे चित्र त्याहून मोठे आहे. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात महाराष्ट्राचे नंदुरबार, वाशिम, धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि गडचिरोली हे चार जिल्हे आहेत. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने गडचिरोलीत साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. रस्ता, रेल्वे, शाळा, वनहक्क, पोलीस आणि पुनर्वसन ही एकाच उत्तराची अंगे आहेत, असे दाखवता आले की परीक्षकाला उमेदवाराची समज कळते.

आरक्षण : आपलाच विषय, पण अभ्यास हवा

आपल्या समाजातील विद्यार्थी या विषयावर सर्वांत जास्त बोलतात आणि पेपरात अनेकदा इथेच घसरतात, कारण भावना पुढे आणि अनुच्छेद मागे राहतात. किमान एवढे क्रमाने माहीत असावे : अनुच्छेद १६(४), ३३५ आणि ३४१. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी सरकारला दिलेले निवेदन आणि त्यानंतर १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्रीय सेवांत ठरलेला ८⅓ टक्के वाटा. १९९२ चा इंद्रा साहनी निकाल. पदोन्नतीतील आरक्षणासाठी १९९५ ची ७७ वी घटनादुरुस्ती. २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती आणि तिच्यावरील नोव्हेंबर २०२२ चा ३ विरुद्ध २ निकाल.

१ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने ६ विरुद्ध १ बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि २००४ चा चिन्नय्या निकाल बाजूला सारला. महाराष्ट्र सरकारने या विषयावर अभ्यासासाठी समितीही नेमली. यावर समाजात तीव्र मते आहेत. एकजूट तुटेल ही भीती आहे, तसेच मागे राहिलेल्या छोट्या जातींना वाटा मिळाला पाहिजे ही मागणीही आहे. उमेदवाराने दोन्ही मते त्यांच्या सर्वांत भक्कम रूपात लिहायला शिकावे. उद्या अधिकारी म्हणून खुर्चीत बसल्यावर समोर येणारा माणूस आपल्या मताचा असेलच असे नाही.

जातनिहाय गणनेचा मुद्दाही याला जोडावा. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. जनगणना हा संघसूचीतील विषय आहे, हे विसरू नये.

बौद्ध वारसा : संस्कृतीचा हमखास घटक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला, अभिजात भाषांची संख्या ११ झाली. गंमत म्हणजे ज्या पालीला हा दर्जा मिळाला, ती २०१३ पासून यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत नाही. पिपरहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या अवशेषांतील रत्नांचा परदेशात ठरलेला लिलाव २०२५ मध्ये थांबला आणि जुलैमध्ये ती भारतात परत आली. वारसा संरक्षण आणि परराष्ट्र संबंध या दोन्ही घटकांत हे चालते.

बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात बोलला जातो. परीक्षेसाठी तो असा लिहा : १९४९ चा बिहारचा कायदा, व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, २०१३ ची अध्यक्षाच्या धर्माबाबतची दुरुस्ती, २००२ पासून जागतिक वारसा दर्जा, आणि अनुच्छेद २५, २६ खालील युक्तिवाद. आंदोलनाची मागणी आणि कायद्याची आजची स्थिती वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावी.

भद्रावतीची विजासन लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. एका रविवारी वही घेऊन जावे, लेण्यांची रचना आणि मूर्ती स्वतः पाहून नोंदवाव्यात. चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. नवबौद्ध चळवळीवरील उत्तरात नागपूरबरोबर चंद्रपूरचा उल्लेख केला तर उत्तर चारचौघांपेक्षा वेगळे होते.

काय वाचावे

स्रोत थोडे ठेवावेत. एक मराठी आणि एक इंग्रजी किंवा हिंदी दैनिक. सरकारी निर्णयांसाठी पत्र सूचना कार्यालयाची निवेदने, ती मराठीतही असतात. 'योजना' मासिकाची मराठी आवृत्ती आणि राज्यासाठी 'लोकराज्य'. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येणारी केंद्राची आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. नव्या विधेयकांसाठी पीआरएसचे सारांश. आकाशवाणीच्या बातम्या स्वयंपाक करताना किंवा गाडीची वाट पाहतानाही ऐकता येतात. घरी भारताचे संविधान मराठीत असावे, अनुच्छेद तिथूनच वाचावा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पीडीएफ नोट्समध्ये चुका असतात. आकडा किंवा तारीख घेण्याआधी मूळ सरकारी कागदाशी पडताळून घ्यावी.

मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत. पहिले पुस्तक विकत घेण्याआधी त्या वाचाव्यात.

आठवडा कसा लावावा

घरात पाळीचे काम असेल, लहान घर असेल, तर दिवसाचे तास ठरवण्यापेक्षा आठवड्याचे काम ठरवणे सोयीचे.

सोमवार ते शुक्रवार : रोज ४५ मिनिटे वर्तमानपत्र, दोनच बातम्या निवडून पाच प्रश्नांची नोंद. एक तास सीसॅट. उरलेला वेळ मूळ विषय : राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था.
शनिवार : आठवड्याच्या दहा बातम्यांपैकी चारच ठेवायच्या, बाकी खोडायच्या. राहिलेल्यांवर प्रत्येकी एक उत्तर.
रविवार : पूर्वपरीक्षेच्या ५० प्रश्नांची चाचणी, दुपारी मित्रांबरोबर चर्चा. गावातील बुद्धविहार किंवा वाचनालय यासाठी मोकळे मिळते. चार-पाच जण असतील तर वर्तमानपत्रे, मासिके वाटून घेता येतात.

मुख्य परीक्षेत तीन तासांत २० प्रश्न लिहायचे असतात, १० गुणांना १५० शब्द आणि १५ गुणांना २५० शब्द. म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे. पहिल्या महिन्यापासून घड्याळ लावून हाताने लिहिल्याशिवाय हा वेग येत नाही. उत्तराची साधी बांधणी अशी : दोन ओळींत विषयाची व्याख्या किंवा ताजा संदर्भ, मग कायदा किंवा अनुच्छेद, मग दोन बाजू, एक स्थानिक उदाहरण, शेवटी करता येण्यासारखे दोन उपाय. स्थानिक उदाहरण एकच आणि नेमके असावे, प्रत्येक उत्तरात माजरी आणली तर परीक्षक कंटाळेल.

प्रशिक्षण आणि मदत

पुण्याची बार्टी अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी नागरी सेवा प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना चालवते, त्यांची निवड बहुधा चाळणी परीक्षेने होते. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी उमेदवारांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. राज्य सरकारची आयएएस पूर्वप्रशिक्षण केंद्रे मुंबई, नागपूर आणि इतर शहरांत आहेत, तिथेही प्रवेश परीक्षा असते. माजरी जंक्शन नागपूर-बल्लारशाह मार्गावर असल्याने आपल्याला नागपूरचे केंद्र सर्वांत जवळचे. या योजनांच्या अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून जाहिरात संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

चाळणी परीक्षेत निवड झाली नाही तर अभ्यास थांबवू नये, दुसरा मार्गही हाताशी ठेवावा. राष्ट्रीय घडामोडींची हीच तयारी एमपीएससीच्या गट ब आणि क, बँक, रेल्वे आणि वेकोलिच्या भरतीतही उपयोगी पडते. घरची ओढाताण असेल तर आधी मिळेल ती नोकरी धरून पुढची परीक्षा देण्यात कमीपणा नाही. वयाच्या ३७ पर्यंत संधी आहेत, पण प्रत्येक प्रयत्नाला एक वर्ष जाते, याचा हिशोब घरच्यांसमोर बसून मोकळेपणाने करावा.

पालकांनाही एक विनंती. मुलगी असेल तर दोन वर्षे तिच्या लग्नाची घाई करू नका आणि घरात तिला एक दिवा, एक टेबल आणि रोजचे चार तास द्या. क्लासच्या फीपेक्षा ही मदत स्वस्त आहे आणि तिच्याशिवाय बाकीची सगळी तयारी वाया जाते.

भूसंपादनाची नोटीस, वनहक्काचा दावा, खनिज निधीतून होणारी शाळेची खोली, या सगळ्यांवर शेवटी एका अधिकाऱ्याची सही असते. ती सही करणारा माणूस खाणीच्या गावातून आलेला असेल तर फाइल वाचताना त्याला मागची माणसे दिसतील, अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे. त्यासाठी आज संध्याकाळी वर्तमानपत्रातील दोन बातम्या निवडून पाच प्रश्न लिहायला बसायचे आहे.

जय भीम!